साडेतीनच्या आधी

देहूच्या घाटावर पोचण्याआधी काही किलोमीटर, इंदोरी आणि शेलारवाडीच्या दरम्यान, इंद्रायणी काळ्या खडकांच्या खोबणीत शिरते. एरवी संथ वाहणारी ही नदी तिथे अचानक अरुंद होते, फेसाळते आणि आवाज करते. खडकात पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे आहेत. ही जागा म्हणजे कुंडमळा. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास इथला जुना लोखंडी पूल माणसांसकट आणि दुचाक्यांसकट नदीत कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले.

त्यानंतरचं सगळं महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. म्हणून इथे घड्याळ उलटं चालवलं आहे. साडेतीन हा शेवट धरायचा आणि त्याच्या आधी किती वेळ हातात होता ते मोजायचं.

तीस-बत्तीस वर्षं आधी

पूल उभा राहिला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तो पर्यटकांसाठी नव्हता. नदीपलीकडे शेतं, अलीकडे वस्ती, आणि पावसाळ्यात चार महिने मध्ये पाणी. वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई, दुधाची किटली लावलेली सायकल, शाळेची पोरं एवढ्यांना पार नेणं हे त्याचं काम. रुंदी जेमतेम चार फूट. मधले दोन लोखंडी गाळे प्रत्येकी शंभर फुटांचे, त्यापुढे सिमेंटचा भाग, अशी मापं दुर्घटनेनंतर छापून आली. समोरून मोटारसायकल आली तर पायी माणसाने कठड्याला पाठ लावून उभं राहायचं, इतकीच ती जागा.

लोखंडाला पाण्याचं वावडं नसतं, ओलं-कोरडं होत राहण्याचं असतं. सतत पाण्याखाली बुडालेला गर्डर एक वेळ टिकेल. पण धबधब्याच्या तुषारांत भिजणारा, उन्हात वाळणारा आणि रात्री दवाने पुन्हा ओला होणारा सांधा गंजतो. गंज आधी जातो बोल्टच्या भोकात, वेल्डिंगच्या कडेला, पाणी साचतं त्या कोपऱ्यात. वरून रंगाचा हात मारला की पूल नवा दिसतो. आत पत्रा कागदासारखा पातळ होत जातो आणि वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक वर्ष आधी

पूल धोकादायक आहे हे गावाला माहीत होतं, ग्रामपंचायतीला माहीत होतं, सरकारी कागदालाही माहीत होतं. नवीन पुलासाठी आठ कोटींचा निधी मंजूर झाला होता. म्हणजे निदान झालं होतं, औषधाची चिठ्ठीही लिहून झाली होती. जुन्या पुलावर वाहनं नेऊ नयेत असा इशारा देणारा फलक लावला होता.

याच महाराष्ट्रात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी अंधारात थेट नदीत गेल्या. त्याच जागी नवा पूल उभा राहिला १६५ दिवसांत; ५ जून २०१७ ला त्यावरून वाहतूक सुरू झाली. तेव्हा सरकारला वेगाने पूल बांधता येत नाही असं कुणी म्हणू नये. तो वेग माणसं मेल्यावर येतो, एवढीच अडचण आहे.

तीन आठवडे आधी

२०२५ साली मोसमी पाऊस घाईने आला. २४ मे रोजी केरळात आणि २६ मेपर्यंत मुंबई-पुण्यात. शाळा उघडायच्या आत मावळ हिरवा झाला. भुशी, पवना, कुंडमळा, आंद्रा खोरं, जिथे पाणी पडतं ती प्रत्येक जागा पंधरा-वीस दिवस आधीच भरू लागली. पावसाळी पर्यटनाचे मनाई आदेश, बंदोबस्त, जीवरक्षक ही यंत्रणा दरवर्षी जूनच्या मध्याला, जुलैच्या तोंडावर जागी होते. पावसाने तिला गाठलं.

एक आठवडा आधी

नव्या पुलाच्या कामाचा कार्यादेश निघाला तो याच सुमारास. दुर्घटनेनंतर हे बचाव म्हणून सांगितलं गेलं: बघा, काम तर सुरू होणारच होतं. ते खरंही आहे. पण कार्यादेश निघाला याचा अर्थ सरकारने लेखी मान्य केलं की आधीचा पूल निकामी आहे. मग त्या दिवसापासून नवा पूल उभा राहीपर्यंत जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर होता?

पूल पूर्ण बंद करणं इतकं सोपं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. पलीकडच्या शेतकऱ्याला तो एकच जवळचा रस्ता. बंद केला की लांबचा वळसा. म्हणून सगळ्यांना सोयीची अशी तडजोड निघते: फलक लावायचा आणि पूल तसाच उघडा ठेवायचा. फलक कायद्यासाठी, पूल लोकांसाठी. असे अर्धे बंद पूल आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत.

बारा तास आधी: पहाटे साडेतीन

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं पाणी कार्ला-कामशेतवरून, वाटेत कुंडली आणि आंद्रा या उपनद्यांना घेत मावळात उतरतं. घाटात रात्री कोसळलेली सर कुंडमळ्याला दुसऱ्या दिवशी दिसते. तेव्हा तिथे ऊनसुद्धा पडलेलं असू शकतं. त्या आठवड्याच्या शेवटी घाटात पाऊस होता, नदी चढलेली होती. पूल कोसळला तेव्हा मात्र कुंडमळ्यावर मोठा पाऊस नव्हता. छत्री मिटून फोटो काढता येईल असा तो रविवार.

साडेनऊ तास आधी: सकाळी सहा

देहूत त्या सकाळी वेगळीच गडबड. तुकाराम महाराजांच्या पालखीचं प्रस्थान १८ जूनला होतं, तीन दिवसांवर. मंडप, पाण्याचे टँकर, पोलिसांची आखणी, नदीघाटावर जीवरक्षक. लाखभर माणसं एका लहान गावात आणून, नदीत आंघोळ घालून, सुखरूप पुढे धाडायची हे काम इथली यंत्रणा वर्षानुवर्षं करत आली आहे आणि चांगलं करते. गर्दी कशी सांभाळायची हे या पट्ट्याला शिकवायला नको. त्याच नदीवर, थोड्या वरच्या अंगाला, बिनतारखेची, बिनपरवान्याची गर्दी जमायची होती. तिला दिंडी क्रमांक नव्हता, विणेकरी नव्हता, म्हणून तिची आखणीही नव्हती.

साडेतीन तास आधी: दुपारी बारा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून बेगडेवाडीजवळ आत वळलं की कुंडमळा. लोकलने बेगडेवाडी स्टेशनावर उतरूनही जाता येतं. चिंचवड, आकुर्डी, निगडी, देहूरोड, तळेगाव, चाकण, सगळीकडून तासाभराच्या आतली ही जागा, आणि तिथे जायला खर्च पेट्रोलचा. मॉलमध्ये चौघांचं कुटुंब हजार रुपये घालवून येतं. इथे भाजलेलं कणीस आणि भजी. कारखान्यात आठवडाभर उभं राहून काम करणाऱ्याने रविवारी नदीवर जाऊ नये असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याला दुसरी जागा दाखवावी. दुर्घटनेनंतर ‘हौशी पर्यटक’ हा शब्द फार सैलपणे वापरला गेला.

दुपारी बारा ही खरी शेवटची सोयीची वेळ होती. त्या वेळी पुलाच्या दोन्ही तोंडांशी दोन-दोन माणसं आणि एक दोरी एवढ्याने भागलं असतं.

अर्धा तास आधी: तीन

प्रत्यक्षदर्शींनी नंतर सांगितलं की पुलावर शंभराच्या वर माणसं होती आणि सात-आठ दुचाक्याही चढल्या होत्या. चार फुटांत दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की कोंडी होणारच. मागचा मागे सरकत नाही, पुढच्याला पुढे जाता येत नाही. त्यात मधोमध, जिथून फेसाळणारं पाणी सगळ्यात चांगलं दिसतं, तिथे फोटोसाठी थांबलेली माणसं. चालता भार थांबला आणि एका जागी साचत गेला.

इथे जरा दूरची गोष्ट आठवते. कॅनडाच्या उत्तरेत हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवरून मालवाहू ट्रक जातात. खाणींना वर्षभराचं डिझेल-सिमेंट याच बर्फाच्या रस्त्याने पोचतं. तिथे बर्फाची जाडी सतत मोजली जाते. पायी माणसाला साधारण दहा सेंटिमीटर घट्ट बर्फ लागतो, मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट, ट्रकला कितीतरी जास्त. जाडी वाढेल तशी भाराची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवतात. भरलेल्या ट्रकला ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपासच वेग ठेवावा लागतो, कारण जड गाडीच्या पुढे बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि ती बर्फ फोडू शकते. बर्फावर फार वेळ थांबून राहणंही धोक्याचं, कारण उभ्या भाराखाली तो हळूहळू वाकत जातो. वसंत आला की रस्ता बंद, आणि बंद म्हणजे बंद.

एवढी काळजी घेणाऱ्या प्रदेशातही चूक होते. मार्च २०२२ मध्ये नुनावुतच्या समुद्री बर्फावर एका मोटार मोहिमेचा मोठ्या चाकांचा ट्रक बर्फ फुटून खाली गेला. ताफ्यात पाण्यावर तरंगू शकणाऱ्या उभयचर गाड्या होत्या. बुडाला तो मात्र साधा ट्रक. आतली माणसं वेळेत बाहेर पडली. ट्रक समुद्राच्या तळाशी राहिला तो उन्हाळ्यापर्यंत. मग पाणबुडे उतरले, हवेच्या पिशव्या लावून त्याला वर उचललं आणि हेलिकॉप्टरला टांगून नेलं. हा खटाटोप का, तर गाडीतलं तेल आर्क्टिकच्या पाण्यात जाऊ नये म्हणून.

बर्फ निदान तडकताना आवाज करतो. गंजका सांधा तेवढंही करत नाही.

काही मिनिटं आधी

पूल हलत होता असं वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. झुलता पूल नसलेला पूल हलतो तेव्हा ती शेवटची सूचना असते, पण गर्दीत ती कुणाला कळणार? मागच्याला वाटतं पुढचे उड्या मारताहेत. पुढच्याला वाटतं गाडी आली म्हणून हललं.

इथे थांबून थोडं गणित करावंसं वाटतं, कारण दुर्घटनेनंतर एकच कारण सगळ्यांच्या तोंडी होतं: गर्दी फार झाली. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, चार फूट म्हणजे सव्वा मीटरच्या आत. एका गाळ्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे छत्तीस चौरस मीटर. जिथे गर्दी होऊ शकते अशा पादचारी मार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात दर चौरस मीटरला पाचशे किलो भार धरतात. त्या हिशेबाने असा एक गाळा अठरा टन तरी पेलायला हवा. आता पुलावरचा भार: शंभर माणसं सरासरी साठ किलोची धरली तर सहा टन, आठ दुचाक्यांचा एक टन. सात. ही सगळी माणसं आणि गाड्या एकाच गाळ्यावर होत्या असं धरलं तरी मानकाच्या निम्म्यापेक्षा कमी.

गावच्या शेतकऱ्यांसाठी बांधलेला पूल या मानकाने बांधलेला असेलच असं नाही, आणि हलणारा भार स्थिर भारापेक्षा जास्त त्रास देतो, हे मान्य. तरीही आकडा बोलका आहे. धडधाकट पूल त्या गर्दीने पडायला नको होता. गर्दी निमित्त होती. पूल खाल्ला गंजाने, आणि गंजाला वेळ दिला कागदाने.

साडेतीन

लोखंडी गाळा खाली गेला. खाली खोल डोह असता तर पोहणारे तरी वाचले असते. पण कुंडमळ्याला खाली खडक आहे, खडकांमधल्या फटींतून जोरात जाणारं पाणी आहे. काही जण खडकावर आदळले, काही प्रवाहात वाहत गेले, काही लोखंडाखाली अडकले. काहींना अर्धवट लटकलेल्या कठड्याचा आधार मिळाला.

पहिला तास

पहिले हात गावकऱ्यांचे. आसपासच्या वस्तीतली पोरं दोर, ट्यूब घेऊन उतरली. या नदीत लहानपणापासून डुंबलेल्या माणसाला कुठला खडक निसरडा आहे आणि पाणी कुठे खेचतं हे ठाऊक असतं. ती माहिती कुठल्याही पथकाकडे नकाशात नसते.

मग पोलीस, पिंपरी-चिंचवडचं अग्निशमन दल, मावळातली स्वयंसेवी बचाव पथकं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचं मुख्यालय सुदुंबऱ्याला आहे. तेच सुदुंबरे, जिथे तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांची समाधी आहे. इंदोरीपासून ते फार लांब नाही. महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांत पूर, दरड, इमारत कोसळली की जे जवान धावतात, ते जवळपास शेजारच्या गावातच होते. चार हा आकडा चाळीस झाला नाही, त्यामागे गावकरी आहेत, ही पथकं आहेत, आणि हा भूगोलही आहे.

तिसऱ्या तासापासून रात्रीपर्यंत

नदीतून वस्तू बाहेर काढणं हे वेगळंच शास्त्र आहे. लोखंडाखाली माणूस अडकलाय म्हणून घाईने एक टोक उचललं तर दुसरं टोक फिरून कुणावर तरी बसू शकतं. क्रेन आणायची तर तिला उभं राहायला कठीण जमीन हवी, आणि नदीकाठी पावसाळ्यात तीच नसते. आधी दोर बांधायचा, प्रवाहाचा जोर कुठल्या बाजूने आहे ते पाहायचं, मग इंच इंच उचलायचं. सावित्रीच्या वेळी तर गाड्या कुठे आहेत हेच कळत नव्हतं. शेकडो किलोंचा लोहचुंबक क्रेनला बांधून गढूळ पुरातून फिरवावा लागला. नौदलाच्या पाणबुड्यांना पहिल्या एसटीचा सांगाडा सापडला तो नवव्या दिवशी, ११ ऑगस्टला, पुलापासून दोनेकशे मीटरवर. कुंडमळ्यात सांगाडा डोळ्यांसमोर होता, एवढाच दिलासा. अंधार पडल्यावरही दिव्यांच्या उजेडात शोध चालू राहिला, कारण पुलावर नेमके किती जण होते याची यादी कुणाकडेच नव्हती. तिकीट नसलेल्या जागेचा हाही एक प्रश्न: बेपत्ता कोण हे घरचे फोन करतील तेव्हाच कळतं.

जखमींना तळेगाव आणि परिसरातल्या रुग्णालयांत हलवलं. मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत आणि जखमींच्या उपचारांचा खर्च, अशी घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली.

तीन दिवसांनी

१८ जूनला ठरल्याप्रमाणे देहूतून पालखीचं प्रस्थान झालं. राज्यभर जुन्या पुलांच्या संरचनात्मक तपासणीचे आदेश निघाले. असे आदेश सावित्रीनंतरही निघाले होते. ९ जुलैला शेजारच्या गुजरातमध्ये महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि वाहनं नदीत गेली.

पण कुंडमळ्याचं सगळ्यात जवळचं भावंड गुजरातमध्ये नाही, गोव्यात आहे. १८ मे २०१७ रोजी कुडचडे-सावर्डे इथला पोर्तुगीज काळातला पादचारी पूल कोसळला. तो तर वापरासाठी बंदच होता. नदीत उडी मारलेल्या एकाचा शोध चालला होता आणि तो बघायला माणसं बंद पुलावर चढली. पन्नासच्या आसपास लोक पाण्यात पडले. बंद पूल, वर गर्दी, खाली नदी: आठ वर्षं आधी हाच धडा कोकणी-मराठी मुलखात गिरवून झाला होता. तो शिकायला आयोग लागत नव्हता. जो पूल वापरायचा नाही त्यावर चढता येता कामा नये, एवढंच.

तुमच्या गावाजवळ, तुमच्या रविवारच्या वाटेवर असा अर्धा बंद पूल असेल तर ग्रामसभेत लेखी ठराव मांडा: पूल बंद असेल तर मे महिना संपायच्या आत दोन्ही टोकांना दुचाकी जाणार नाही असे खांब सिमेंटमध्ये रोवा, पहिल्या गाळ्यावरची चालण्याची जमीन उचलून ठेवा, आणि पलीकडच्या शेतकऱ्याला पावसाळ्यापुरती दुसरी वाट द्या. ठरावाची पोचपावती तारखेसह जपून ठेवा. नुसत्या फलकावर समाधान मानू नका.